पाळी एक, कामं किती?

टेबलावरच्या कथाखेळात तलवार उपसली जाईपर्यंत कुणी कुणाची पाळी मोजत नाही. एक जण सराईवाल्याशी घासाघीस करतो, दुसरा त्याच वेळी माडीवर डोकावतो, तिसरी सांगते की मी घोड्याला पाणी पाजते आहे. सूत्रधार, म्हणजे खेळणारे ज्याला ‘डीएम’ म्हणतात तो, तिघांनाही एकेका वाक्यात उत्तर देतो आणि गोष्ट पुढे नेतो. त्यात सकाळ गेली काय आणि आठवडा गेला काय, कुणाचं काही अडत नाही. मग अंधारातून एक बाण येतो. आता प्रत्येकाला एकाच क्षणी काहीतरी करायचं असतं. “मी ढाल पुढे करते.” “मी त्याच्या मागे जाऊन मारतो.” “मी मंत्र म्हणतो, पण आधी पळतो.” इथे नियम नसतील तर मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो आणि हळू बोलणाऱ्याचं पात्र फुकट मरतं.

नियमपुस्तक उघडलं की ॲक्शन, बोनस ॲक्शन, रिॲक्शन, मूव्हमेंट अशी नावं समोर येतात. नवा खेळाडू ती पाठ करायला बसतो. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेला असेल तर तक्ताही करतो. पाठांतराने हे नियम डोक्यात राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. या सगळ्या प्रकारांच्या मागे एकच प्रश्न आहे: आत्ता खर्च होतोय तो वेळ कुणाचा? तेवढा लक्षात ठेवला की निम्मे नियम आपले आपण ओळखता येतात.

लढाईच्या वेळेचे तुकडे पाडायची पद्धत या खेळाच्या जन्माआधीची आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या धाकट्या राइसविट्झने १८२४ मध्ये नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले, त्यात एक पाळी म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. घोडदळ दोन मिनिटांत जेवढं जाईल तेवढंच नकाशावर सरकवायचं. अमेरिकेत १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं. पुढे १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कथाखेळ आला. पलटणींच्या जागी एकेकटी माणसं आली, पण वेळेचे तुकडे राहिलेच. गायगॅक्स यांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत लढाईची एक फेरी पूर्ण एका मिनिटाची होती. एका मिनिटात तलवारीचा एकच वार? पुस्तकाचं उत्तर असं की मिनिटभर झटापट, हुलकावण्या, अडवाअडव चाललेली असते आणि फासा टाकतो तो त्यातल्या खऱ्याखुऱ्या संधीसाठी. पटण्यासारखं आहे, पण धनुष्यबाण घेतलेल्या माणसाला ते पटवणं अवघड जायचं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने फेरी सहा सेकंदांवर आणली. ती आजही तेवढीच आहे.

आपल्याकडच्या पटावरच्या खेळांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला आहे. बुद्धिबळात पाळी म्हणजे एक चाल, आणि हलणं व मारणं ही तिथे एकच क्रिया आहे. घोडा ज्या घरात जाऊन बसतो तिथलाच मोहरा पटावरून उठतो. सारीपाटातही सोंगटी जिथे पोचते तिथली विरुद्ध सोंगटी मरते. पोचणं म्हणजेच मारणं. कथाखेळाने ही गाठ सोडली. इथे चालणं एक काम आणि मारणं दुसरं. एवढ्या एका बदलाने कितीतरी नवे प्रश्न उभे राहिले: चालून मारता येईल का, मारून चालता येईल का, चालताना वाटेतला मला मारेल का, आणि मारायचंच नसेल तर त्या वेळात दुसरं काय करता येईल?

या प्रश्नांची उत्तरं पटावर बघू. समजा, लातुरातल्या एका खोलीत चार खेळाडू आणि एक डीएम बसले आहेत आणि गोष्ट उदगीरच्या किल्ल्यात शिरली आहे. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, खंदकावर लाकडी पूल, पुलाच्या टोकाशी दरवाजा. दरवाजात हाडांचे तीन पहारेकरी आणि त्यांच्यामागे एक आडदांड राक्षस. आपल्या बाजूला तलवार-ढालवाली योद्धा, दोन सुऱ्यांचा चोर, एक मांत्रिक आणि जखमा बऱ्या करणारी पुजारीण. सगळी पात्रं तिसऱ्या पातळीवरची. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ साली आलेले. त्यांची सुधारलेली पुस्तकं २०२४ मध्ये आली. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

आधी प्रत्येक जण वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात आपल्या चपळाईचा आकडा मिळवतो. ज्याची बेरीज मोठी त्याची पाळी आधी. हा क्रम लढाई संपेपर्यंत तोच राहतो. सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक फेरी संपली, आणि गोष्टीत सहा सेकंद गेले. टेबलावर मात्र तेवढ्यात चहा गार होतो.

योद्धेची पाळी पहिली. डीएम विचारतो, “बोल, काय करलालीस?” पहारेकरी तिच्यापासून ४० फुटांवर, म्हणजे पटावर आठ घरं लांब आहे, एक घर पाच फुटांचं. तिची चाल ३० फूट, सहा घरं. ती धावली तरी त्याच्या शेजारच्या घरात पोचायला एक घर कमी पडतं. मग ती म्हणते, “मला ॲक्शन आहे ना, ती चालण्यात घालते.” हे चालतं. ॲक्शन खर्च करून पुन्हा चालीएवढं अंतर तोडता येतं. खेळात त्याला ‘डॅश’ म्हणतात. ती पहारेकऱ्याला जाऊन भिडते, पण आता मारायला तिच्याकडे काही उरलेलं नाही. किंवा सहा घरं पुढे जाऊन ती भाला फेकू शकते. किंवा जागेवरच, ‘डॉज’ ही ॲक्शन घेऊन, अंग चोरून उभी राहील, म्हणजे पुढच्या पाळीपर्यंत तिच्यावर येणारे वार बसणं अवघड होईल. हे तिन्ही पर्याय शहाणपणाचे असू शकतात. नवे खेळाडू बहुधा चौथाच निवडतात. पुलाच्या मध्यावर, मारता येणार नाही आणि आडोसाही नाही, अशा ठिकाणी ते जाऊन थांबतात.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. ॲक्शन मोडून चाल घेता येते, पण चाल मोडून ॲक्शन घेता येत नाही. सहा घरं न चालता जागेवर उभं राहिलं म्हणून एक वार जास्त मिळत नाही. रेशनच्या दुकानात साखर उचलली नाही म्हणून तेवढे गहू जास्त देत नाहीत, तसंच हे. प्रत्येक प्रकाराचा कोटा वेगळा आणि न वापरलेला कोटा पुढच्या पाळीत जमा होत नाही. चाल मात्र हवी तशी तोडता येते: तीन घरं पुढे, एक वार, तीन घरं मागे. तिसऱ्या आवृत्तीत ही मोकळीक नव्हती. तिथे अनेक वार करायचे तर जवळजवळ जागेवरच उभं राहावं लागे, फार तर एक घर सरकता येई. त्यामुळे मोठ्या पातळीचे योद्धे खुंट ठोकल्यासारखे समोरासमोर उभे राहून एकमेकांना कुटत बसायचे. पाचव्या आवृत्तीने पटाला पाय फोडले, हे तिचं मोठं काम.

आणखी एक घोळ ‘अटॅक’ या ॲक्शनचा. अटॅक ही ॲक्शन म्हणजे एकच वार असं नाही. पाचव्या पातळीला योद्धेला त्याच एका ॲक्शनमध्ये दोन वार मिळतात. त्या दोन ॲक्शन नव्हेत. उलट तिला दुसऱ्या पातळीपासून मिळणारी ‘ॲक्शन सर्ज’ ही शक्ती तिला खरोखरची दुसरी ॲक्शन देते, विश्रांती घेईपर्यंत एकदाच. म्हणजे ती डॅश करून पहारेकऱ्याला गाठेल आणि त्याच पाळीत तलवारही चालवेल. पुलावरचा आपला प्रश्न सुटला. मात्र ही शक्ती तिने हाडांच्या पहारेकऱ्यावर घालवली तर मागे राक्षस उभाच आहे.

आता चोराची पाळी, आणि बोनस ॲक्शनचीही. बहुतेक भांडणं इथेच होतात. प्रत्येकाला दर पाळीत एक बोनस ॲक्शन मिळते असं लोक धरून चालतात. तसं नाही. तुमच्या एखाद्या शक्तीने, मंत्राने किंवा शस्त्राने ‘हे बोनस ॲक्शन म्हणून करता येईल’ असं सांगितलं असेल तरच ती मिळते. काहीच सांगितलेलं नसेल तर तुमच्याकडे बोनस ॲक्शन नाहीच. कबड्डीतली बोनस रेषा आठवा. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच ती ओलांडण्याला गुण आहे. पाच असताना ओलांडली तर नुसती धाव वाया जाते. चोराकडे मात्र अशी शक्ती दुसऱ्या पातळीपासून असते. डॅश करणं, लपणं किंवा शत्रूपासून सावधपणे बाजूला होणं, म्हणजे ‘डिसएंगेज’, ही तीन कामं तो बोनस ॲक्शनमध्ये उरकू शकतो.

तर चोर निघाला. सहा घरं चालीतून, सहा घरं बोनसच्या डॅशमधून, एकूण बारा. आठव्या घरात पहारेकरी. त्याच्या शेजारी, सातव्या घरात थांबून चोराने ॲक्शन वापरून सुरी चालवली. पाच घरं शिल्लक आहेत, म्हणून तो म्हणतो, “मी परत मागे.” डीएम हसतो. चोर पहारेकऱ्याच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडतो आहे. सावध बाजूला व्हायचं तर डिसएंगेज हवं, आणि बोनस ॲक्शन डॅशमध्ये गेली. पाळी चोराची आहे, तरी या क्षणी पहारेकऱ्याला त्याच्यावर एक वार मिळतो. चोराच्या हातात दुसरी सुरी आहे, पण दुसऱ्या हाताने वार करायलाही या नियमांत बोनस ॲक्शनच लागते. एका पाळीत त्याला तीन गोष्टी हव्या आहेत आणि त्या तिन्हींची वाट एकाच दारातून जाते. चोर खेळण्याची सगळी गंमत या निवडीत आहे, असं मला वाटतं. काही जण चिडतात ते याच जागी.

मंत्रांच्या बाबतीत बोनस ॲक्शनची अट आणखी कडक. आपल्या मांत्रिकाला एक मंत्र येतो, तो म्हटला की ३० फुटांवर दिसेल त्या जागी प्रकट होता येतं, आणि तो बोनस ॲक्शनमध्ये बसतो. २०१४च्या नियमाने त्या पाळीत तो दुसरा मंत्र म्हणेल तर तो एका ॲक्शनचा, साधा, कितीही वेळा म्हणता येणाराच असला पाहिजे, जसं आगीची एक ठिणगी फेकणं. वाक्य पुस्तकात असं आडवळणाने लिहिलं होतं की अनुभवी डीएमसुद्धा चुकायचे. २०२४च्या पुस्तकात सरळ सांगितलं आहे: एका पाळीत मंत्रशक्तीचा एकच साठा खर्च करता येईल. पाचव्या आवृत्तीच्या प्रमुख रचनाकारांपैकी माइक मर्ल्स यांनी बोनस ॲक्शन या कल्पनेवरच पुढे उघड नाराजी बोलून दाखवली होती. मला ती नाराजी पटते, निदान अर्धी. बोनस ॲक्शनने पात्रांना वेगवेगळी चव दिली, पण ‘माझी बोनस वाया चालली’ ही रुखरुखही तिनेच आणली. गोष्ट सांगायचं सोडून खेळाडू कागदावर खाली-वर बघत बसतो, की उरलेल्या बोनसमध्ये काय करू.

याचं उलट उदाहरण पुजारिणीचं. तिच्याकडे बरं करण्याचे दोन मंत्र आहेत. एकासाठी ॲक्शन लागते आणि जखमी माणसाला हात लावावा लागतो. त्याने जखम बरीच भरते. दुसरा नुसता शब्द आहे, बोनस ॲक्शनचा, ६० फुटांवरूनही चालतो, पण भरतं थोडंच. नुसता आकडा बघणारा पहिला निवडेल. पण पुलावर बेशुद्ध पडलेल्या योद्धेला लांबूनच शुद्धीवर आणायचं आणि त्याच पाळीत ॲक्शन वापरून पहारेकऱ्यावर दिव्य ज्योतही टाकायची, हे दुसऱ्याच मंत्राने जमतं. बेशुद्ध माणसाला उठवायला एक गुण आणि वीस गुण सारखेच. महाग मंत्र कुठला आणि स्वस्त कुठला, हे तो किती भरतो त्यापेक्षा तो कुठल्या कोट्यातून जातो यावर ठरतं.

आता मघाशी पहारेकऱ्याला मिळालेल्या वाराकडे वळू, कारण या सगळ्या रचनेतला मला सर्वात आवडणारा भाग तोच आहे. रिॲक्शन म्हणजे दुसऱ्याच्या वेळेत केलेलं आपलं काम. प्रत्येकाला ती एका फेरीत एकच मिळते आणि आपली पाळी सुरू झाली की पुन्हा मिळते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण कबड्डी सगळीच्या सगळी यावर उभी आहे. चढाई ३० सेकंदांची, आणि ते ३० सेकंद चढाईपटूचे. दम त्याचा, दिशा त्याची. तरीही निर्णय लागतो तो समोरच्या सात जणांच्या हालचालीवर. कोपऱ्यातला बचावपटू आपणहून पुढे धावून जात नाही. चढाईपटूचा पाय पुढे येण्याची तो वाट बघतो आणि तो आला की घोट्याला हात घालतो. त्याची कृती दुसऱ्याच्या वेळेत घडते आणि तिला निमित्त लागतं. निमित्ताशिवाय टाकलेली पकड म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण. खेळातल्या रिॲक्शनच्या व्याख्येतही हीच दोन कलमं आहेत: दुसऱ्याची वेळ आणि ठरलेलं निमित्त.

सगळ्यांकडे असलेली रिॲक्शन म्हणजे संधीचा वार. दिसणारा शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर निघाला की त्याच्यावर एक वार. टप्प्याच्या आतल्या आत तो कितीही फिरला तरी काही नाही. त्याला कुणी ढकललं आणि तो बाहेर गेला तरी वार नाही, कारण तो स्वतःच्या पायाने गेला नाही. मंत्राने अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट झाला तरी नाही. म्हणूनच आपल्या मांत्रिकाला पहारेकरी भिडला तर पळण्याऐवजी त्याने तो प्रकट होण्याचा मंत्र वापरावा.

कुणी म्हणेल, हा नियम कृत्रिम आहे. मला तो या सगळ्या पुस्तकातला सर्वात खरा नियम वाटतो, आणि दाखला उदगीरचाच देता येतो. १७६०च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाच्या फौजेला याच मुलखात गाठलं. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांकडे होता. निजामाचं सैन्य उदगीरकडून धारूरच्या रोखाने सरकू पाहत होतं, आणि हाल झाले ते त्या सरकण्यातच. औशाच्या परिसरात फेब्रुवारीच्या सुरुवातीला निर्णायक मार बसला. मुक्काम ठोकून तोफा रोखून बसलेल्या फौजेला हात लावणं महाग पडतं. तीच फौज तळ उचलून निघाली की तोंड एकीकडे, ओझं दुसरीकडे. शत्रूच्या टप्प्यातून निघण्याची किंमत द्यावी लागते, हे सेनापतींना फाशांआधीच माहीत होतं.

रिॲक्शनचे बाकीचे प्रकार शिकून घ्यावे लागतात. मांत्रिकाच्या एका मंत्राने, वार बसतोय असं दिसताच, अदृश्य ढाल उभी राहते आणि त्याचं संरक्षण पुढच्या पाळीपर्यंत पाचने वाढतं. बसलेला वारसुद्धा त्यामुळे हुकू शकतो. पण मांत्रिकाने त्याच फेरीत आधी संधीचा वार घेतला असेल तर ही ढाल त्याला मिळत नाही, कारण रिॲक्शन एकच. काठीने मारलेल्या एका फुटकळ फटक्यासाठी जीव वाचवणारी ढाल गमावलेले मांत्रिक बरेच असतात.

मग ‘रेडी’ नावाची ॲक्शन आहे, म्हणजे दबा धरणं. योद्धा म्हणते, “राक्षस दरवाजाबाहेर आला की मी मारीन.” हे ठरवण्यात तिची ॲक्शन गेली, आणि राक्षस आल्यावर मारण्यात रिॲक्शनही जाईल. दोन्ही कोट्यांतून पैसे मोजून ती स्वतःची वेळ उचलून राक्षसाच्या पाळीत नेऊन ठेवते. राक्षस आलाच नाही तर ॲक्शन बुडाली. इथे निमित्त नेमकं सांगावं लागतं. ‘काही झालं तर मारीन’ असं चालत नाही, आणि डीएमने चालू देऊही नये.

या सगळ्यांखेरीज ज्यांची मोजदाद नाही अशी कामं आहेत. चालता चालता म्यानातून तलवार काढणं, उघडं दार ढकलणं, हातातली मशाल टाकून देणं. पाळीमागे अशी एखादी गोष्ट फुकट. ओरडून दोन शब्द सांगणंही फुकट. सहा सेकंदांत बसतील एवढेच, पुलाची सगळी योजना नव्हे. औषधाची कुपी पिणं २०१४मध्ये पूर्ण ॲक्शन होती. बऱ्याच डीएमनी घरच्या नियमाने ती बोनस ॲक्शन केली आणि २०२४च्या पुस्तकाने शेवटी तेच छापलं. खाली पडलेल्याला उठायला निम्मी चाल लागते. दलदलीत एक घर दोन घरांना पडतं. हे बारीक नियम लागतील तेव्हा बघावेत, आधी घोकू नयेत.

पाचव्या आवृत्तीची विभागणी ही एकमेव वाट नाही. तिसऱ्या आवृत्तीत स्टँडर्ड, मूव्ह, पूर्ण फेरीची आणि फ्री अशा क्रिया होत्या. त्यांत पुढे स्विफ्ट आणि इमिजिएट अशी भर पडली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर दुसऱ्याच्या वेळेतल्या कामांचेही पोटभेद केले. निमित्त घडण्याआधीच मध्ये घुसणारं ‘इंटरप्ट’ वेगळं, घडून गेल्यावरची ‘रिॲक्शन’ वेगळी. तर्काला धरून होतं, पण टेबलावर एका वारावर तीन जण ‘थांब, माझं आधी’ म्हणायचे आणि लढाई जागच्या जागी थांबायची.

२०१९ मध्ये पैझो या कंपनीने ‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती आणली आणि बहुतेक भिंती पाडून टाकल्या. पाळीला तीन ॲक्शन, वर एक रिॲक्शन. चालणं एक, वार एक, ढाल उचलणं एक, बहुतेक मंत्र दोन. तिन्ही वेळा चाला, तिन्ही वेळा मारा, तुमची मर्जी. मग सगळे तीनदा मारतच का बसत नाहीत? कारण त्याच पाळीतला दुसरा वार पाचने आणि तिसरा दहाने कच्चा होतो. वीस बाजूंच्या फाशावर दहाने कच्चा म्हणजे बहुधा हवेतच. म्हणून तिसरी ॲक्शन ढाल उचलायला, एक पाऊल मागे घ्यायला किंवा शत्रूला भेडसावायला वापरण्यात शहाणपण असतं, आणि रचनेने कुणाला सक्ती न करता लोकांना तिकडे वळवलं आहे. शिवाय संधीचा वार तिथे सगळ्यांकडे नसतो. योद्ध्याकडे असतो, इतरांना मुद्दाम कमवावा लागतो. त्यामुळे पट जास्त हलता राहतो.

मुलांना पहिल्यांदा शिकवायचं असेल तर मी ही तीन ॲक्शनची पद्धत घेईन. टेबलावर तीन कवड्या ठेवायच्या, काम झालं की एक उचलायची, आणि दुसऱ्याच्या पाळीतल्या कामासाठी एक रंगीत चिंचोका. दहा वर्षांच्या पोरालाही अर्ध्या फेरीत समजतं. पण पात्रांमधला फरक मला पाचव्या आवृत्तीत जास्त तीव्र वाटतो. तिथे चोर हा चोरासारखाच हलतो, कारण त्याच्याकडचं दार इतरांकडे नाही. बंधनं घातली की डाव खुलतो, हे खो-खो पाहिलेल्याला सांगायला नको. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. धावकाला सगळं मैदान मोकळं. पाठलाग करणाऱ्यालाही तशीच मोकळीक दिली असती तर तो नुसता शिवाशिवीचा खेळ झाला असता.

राहिला तो दरवाजातला राक्षस. नव्या डीएमची यातली चूक ठरलेली असते. चार पात्रांना तोलामोलाचा एक शत्रू हवा म्हणून तो राक्षसाची ताकद चौपट करतो. लढाई तरीही फसते, कारण हिशेब ताकदीचा नसून पाळ्यांचा असतो. आपल्या बाजूला एका फेरीत चार ॲक्शन, दोन-तीन बोनस ॲक्शन आणि चार रिॲक्शन, राक्षसाकडे एकेक. तो एकदा गदा फिरवेपर्यंत त्याच्यावर चार बाजूंनी सहा गोष्टी होतात, आणि त्यातल्या एखाद्या मंत्राने त्याची एक पाळी हुकवली तर त्याची अख्खी फेरीच गेली. आपल्यातला एक जण अडकला तर तिघे उरतात. त्याच्याकडे तो एकटाच.

पाचव्या आवृत्तीत मोठ्या शत्रूंना यासाठी ‘लेजंडरी ॲक्शन’ दिल्या आहेत. प्रौढ लाल ड्रॅगनकडे अशा तीन असतात. दुसऱ्या कुणाची पाळी संपली की त्या क्षणी तो त्यातली एक वापरतो: शेपटीचा फटकारा, आजूबाजूचा कानोसा, किंवा पंख फडफडवून जवळच्यांना आडवं करत उडणं, ज्याला दोन मोजाव्या लागतात. स्वतःची पाळी आली की तिन्ही परत मिळतात. दुसऱ्यांच्या पाळ्यांच्या फटीत त्याला वेळ दिला आहे, त्यामुळे तो एकटा असूनही पटावर सतत हलत राहतो. उदगीरच्या राक्षसाला एवढा थाट देण्याची गरज नाही. त्याच्यासोबत हाडांचे तीन पहारेकरी ठेवले आहेत ते याचसाठी. मारायला ते सोपे असले तरी प्रत्येकाकडे एक ॲक्शन आणि एक रिॲक्शन आहे, आणि अरुंद पुलावर त्यांच्या टप्प्यातून निघणाऱ्या प्रत्येकाला किंमत मोजायला लावणं एवढंच त्यांचं काम. पहिल्या फेरीत मांत्रिकाने आग राक्षसावर टाकायची की पहारेकऱ्यांवर, यावर चार खेळाडूंचं टेबलावर भांडण लागलं, तर डीएमने लढाई बरोबर मांडली असं समजावं.

ज्यांना हे मराठीत करून बघायचं आहे त्यांच्यासाठी एक उपयोगाची माहिती. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे ॲक्शन, बोनस ॲक्शन, रिॲक्शन आणि लढाईचा सगळा भाग, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. मूळकर्त्यांचं श्रेय दिलं की त्यांचं भाषांतर करायला, छापायला, अगदी विकायलाही आडकाठी नाही. उदगीर, औसा, कंधार असे तीन भुईकोट किल्ले एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. खंदक, दुहेरी तट, आडवळणाचे दरवाजे. चौकटीच्या वहीवर त्यातला एकेक दरवाजा उतरवून घ्या, एका चौकटीला पाच फूट धरा आणि दरवाजाच्या आत, वळणाच्या पलीकडे, पहिल्या पाळीत दिसणार नाही असा एक धनुर्धारी उभा करा. त्याने रेडी घेऊन ठेवलेली असू दे.